नारिंगी बटणाचें कोडें

इ. स. १९७९ च्या जुलै महिन्याच्या पहिल्या तारखेस जपानांतील दुकानांतून निळ्या व रुपेरी रंगाची एक लहानशी पेटी विक्रीस आली. सोनी कंपनीनें तिला ‘वॉकमन’ असें नांव दिलें होतें आणि तिची किंमत ३३,००० येन ठेविली होती. आंत ध्वनिफीत घालून पेटी चालूं केली म्हणजे तिच्याबरोबर मिळणाऱ्या हलक्या हेडफोनांतून गाणें ऐकूं येई. येथवर सर्व सरळ होतें. परंतु त्या पेटीवर दोन गोष्टी अशा होत्या कीं, आज एखाद्या जुन्या वस्तूंच्या संग्राहकाकडे ती पाहावयास मिळाली, तर त्यांचा उलगडा चटकन् होत नाहीं. हेडफोनची तार खोंचण्यास एक भोंक पुरे असतां तेथें दोन भोंकें होतीं, आणि शिवाय एक नारिंगी रंगाचें बटण बसविलेलें होतें.

हें बटण कशासाठीं असावें? पहिला तर्क ध्वनिमुद्रणाचा. टेपरेकॉर्डरवर तांबडी खूण दिसली कीं तेथें मुद्रणाची सोय आहे असें समजावयाचें, हा त्या काळचा सर्वसाधारण संकेत होता. पण ह्या पेटींत मुद्रणाची सोय मुळींच नव्हती. किंबहुना ती नसल्यामुळेंच ही वस्तु खपणार नाहीं असें विक्रेत्यांचें म्हणणें पडलें होतें. दुसरा तर्क आवाज वाढविण्याचा. तोहि टिकत नाहीं. कारण तें बटण दाबलें असतां गाणें वाढण्याऐवजीं उलट दबत असे. पैसे मोजून घेतलेलें गाणें आपल्याच बोटानें दाबून टाकण्याची सोय एखादा व्यवहारी कारखानदार कां करून ठेवील? ह्याचें उत्तर पेटी उघडून सांपडत नाहीं. त्यासाठीं माणूस कानाला यंत्र लावूं लागला तेव्हांपासूनची हकीकत पाहावी लागते. ही हकीकत बरीचशी चुकलेल्या तर्कांचीच आहे, आणि म्हणूनच ती मनोरंजक आहे.

बहिऱ्या माणसांचे कर्णे पूर्वींपासून होते. धडधाकट कानांना साधन लागलें तें वैद्यांच्या निमित्तानें. पॅरिस शहरांतील नेकेर रुग्णालयांत १८१६ सालीं डॉ. रेने लेनेक ह्यांच्याकडे हृद्रोगाची लक्षणें असलेली एक तरुण स्त्री तपासणीस आली. शरीर स्थूल असल्यामुळें बोटांनीं ठोकून पाहण्याचा उपयोग होत नव्हता, आणि परक्या तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणें मर्यादेला सोडून झालें असतें. लेनेक ह्यांनीं कागदाची घट्ट सुरळी केली. तिचें एक टोंक रुग्णाच्या छातीला व दुसरें स्वतःच्या कानाला लावलें. अपेक्षा एवढीच कीं, निदान कांहीं तरी ऐकूं यावें. पण उघड्या कानापेक्षांहि हृदयाचे ठोके स्पष्ट ऐकूं आले. दोघांमध्यें अंतर राखण्यासाठीं योजलेल्या नळीनें दोघांना अधिक जवळ आणलें. दोन्ही कानांत घालावयाच्या नळ्यांचा स्टेथोस्कोप त्यानंतर सुमारें पस्तीस वर्षांनीं प्रचारांत आला.

टेलिफोनच्या बाबतींत तर्कांची चूक निराळ्या प्रकारची झाली. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे बहिऱ्यांना बोलावयास शिकविणारे शिक्षक. त्यांना ७ मार्च १८७६ रोजीं टेलिफोनचें पेटंट मिळालें. पुढील वर्षीं त्यांचा विवाह मेबल हबर्ड ह्यांच्याशीं झाला. लहानपणीं झालेल्या तापानें मेबलबाईंची श्रवणशक्ति गेलेली होती. ज्या यंत्रानें दूरदूरचे कान जोडले गेले, तें शोधकर्त्याच्या घरांतच एका माणसाला आयुष्यभर मुकें राहिलें. असो. हें यंत्र कशासाठीं वापरावयाचें, ह्याविषयीं लोकांची समजूत आजच्याहून वेगळी होती. फेब्रुवारी १८७७ मध्यें सेलम गांवीं बेल ह्यांनीं जाहीर व्याख्यान दिलें, तेव्हां बॉस्टनहून त्यांचे सहकारी टॉमस वॉटसन तारेंतून बोलत होते व गाणीं गात होते, आणि इकडे सभागृह भरून लोक तें ऐकत होते. एकानें गावें व अनेकांनीं ऐकावें, असें टेलिफोनचें रूप त्या प्रेक्षकांपुढें उभें राहिलें. दोन माणसांचें खाजगी संभाषण हें त्याचें खरें काम ठरावयास अजून अवकाश होता.

ही समजूत सर्वांत थाटानें प्रकट झाली ती १८८१ सालच्या पॅरिस येथील विद्युत्-प्रदर्शनांत. क्लेमां आदेर ह्या इंजिनियरनें पॅरिसच्या ऑपेरागृहांत रंगभूमीच्या पुढच्या कडेला, पायदिव्यांच्या ओळींत, बोलणें पकडणारीं यंत्रें ओळीनें बसविलीं. तेथून जमिनीखालून तारा नेऊन त्या प्रदर्शनाच्या इमारतींतील कांहीं दालनांत पोंचविल्या. तेथें भिंतीशीं टांगलेल्या कर्णयंत्रांपाशीं उभें राहण्यासाठीं लोकांच्या रांगा लागत. प्रत्येकास दोन कर्णयंत्रें मिळत. एक डाव्या कानाला व दुसरें उजव्या कानाला लावावयाचें. आदेर ह्यांनीं योजना अशी केली होती कीं, एका कानाला रंगभूमीच्या एका बाजूच्या यंत्राची तार यावी व दुसऱ्या कानाला दुसऱ्या बाजूच्या. परिणाम चमत्कारिक झाला. गाणारा नट रंगभूमीवर डावीकडून उजवीकडे गेला कीं, दूरच्या दालनांत उभ्या असलेल्या श्रोत्याला तो आपल्या पुढून चालत गेल्यासारखें वाटे. डोळे मिटले असतां पात्रांच्या जागा दाखवितां येत. पुढें स्टीरिओ ह्या नांवानें जगभर गाजलेल्या प्रकाराचा हा पहिला अनुभव होय. व्हिक्टर ह्यूगो ह्यांनींहि नातवंडांना बरोबर घेऊन त्या वर्षीं असें ऐकण्याचा अनुभव घेतला आणि आपल्या टिपणवहींत त्याची नोंद केली. मुलें आनंदून गेलीं व आपणहि, असा तिचा आशय आहे.

ह्या दृश्यांत एक गोष्ट मात्र तेव्हां फारशी कोणाच्या लक्षांत आलेली दिसत नाहीं. ऑपेरागृहांत हजारों माणसें एकत्र बसून ऐकत होतीं. एकाच्या टाळीला दुसऱ्याची टाळी मिळत होती. इकडे दालनांत माणसें खांद्याला खांदा लावून उभीं होतीं, पण त्यांतील प्रत्येक जण एकटा होता. शेजाऱ्यानें कांहीं विचारलें, तर तें ऐकूं येण्यासाठीं एका कानावरचें यंत्र काढावें लागे. नारिंगी बटणाची गरज खरें पाहतां त्याच दिवशीं उत्पन्न झाली होती.

पॅरिसच्या प्रयोगांतून १८९० सालीं ‘थिएट्रोफोन’ नांवाची कंपनी निघाली. हॉटेलांत व उपाहारगृहांत तिचीं यंत्रें असत. ५० सांतिमांचें नाणें टाकलें कीं पांच मिनिटें नाटक किंवा संगीत ऐकावयास मिळे. घरींहि वर्गणी भरून ही सोय घेतां येई. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त ह्यांनीं १९११ सालीं ती घेतली होती. दम्यामुळें घराबाहेर पडणें कठीण झालेल्या त्या लेखकानें ऑपेरा अंथरुणांत पडून ऐकिले. कंपनी १९३२ पर्यंत चालली. लंडनमध्यें ‘इलेक्ट्रोफोन’ ही तशीच संस्था १८९५ पासून १९२५ पर्यंत होती. तिच्या कर्णयंत्रांना खालून एक दांडा असे. तो हातांत धरून यंत्र कानाशीं टेकवावयाचें. डोक्यावरून पट्टा घेतला तर स्त्रियांची केशरचना बिघडते, ही त्या काळीं लहान अडचण नव्हती. बुडापेस्ट येथें तिवदर पुश्काश ह्यांनीं १५ फेब्रुवारी १८९३ रोजीं टेलिफोनच्या तारेंतून बातम्या सांगण्याची योजना सुरू केली आणि महिनाभरांतच ते वारले. पण त्यांचें ‘बोलकें वर्तमानपत्र’ पुढें कितीतरी वर्षें त्या शहराला बातम्या, बाजारभाव व संगीत पुरवीत राहिलें. रेडिओचें काम रेडिओच्या अगोदर टेलिफोननें करून दाखविलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

एडिसन ह्यांच्या फोनोग्राफची कथा ह्याच्या जोडीला ठेवण्यासारखी आहे. ह्या यंत्राचा उपयोग काय, असें जो तो विचारूं लागला, तेव्हां १८७८ च्या जून महिन्यांत त्यांनीं एका मासिकांत दहा उपयोगांची यादीच प्रसिद्ध केली. तींत पहिला मान पत्रें सांगून लिहविण्याच्या कामाला. त्याखालीं अंधांसाठीं बोलकीं पुस्तकें आणि वक्तृत्वाचें शिक्षण, आणि संगीत त्यानंतर. मरणासन्न माणसाचे अखेरचे शब्द जपून ठेवण्याचाहि विचार त्यांत होता. शोधक मोठा खरा. पण लोकांच्या आवडीनें ही यादी साफ उलटी केली. सॅन फ्रॅन्सिस्को येथें २३ नोव्हेंबर १८८९ रोजीं लुई ग्लास नांवाच्या गृहस्थानें एका मद्यगृहांत नाणें टाकून चालणारा फोनोग्राफ ठेविला. त्याला कानांत घालावयाच्या चार नळ्या होत्या, आणि प्रत्येक नळीला वेगळें नाणें लागे. चौघे जण एका यंत्राभोंवतीं उभे राहून एकच गाणें ऐकत. पण पांच सेंट टाकल्यावांचून पांचव्याला एक अक्षर ऐकूं येत नसे. कचेरीसाठीं जन्मलेलें यंत्र करमणुकीला लागलें. गाण्याच्या यंत्राचा प्रचंड व्यापार पुढें ह्याच वाटेनें वाढला.

डोक्यावर पट्टा व दोन्ही कानांवर दोन तबकड्या, असें हेडफोनचें आजचें ओळखीचें रूप नाथानिएल बाल्डविन ह्या अमेरिकन माणसामुळें रूढ झालें. यूटा प्रांतांत राहणाऱ्या ह्या गृहस्थांनीं १९१० सालीं आपण केलेले हेडफोन अमेरिकन आरमाराकडे तपासणीस पाठविले. सोबतचें पत्र रंगीत कागदावर जांभळ्या शाईनें लिहिलेलें होतें. आरमाराच्या अधिकाऱ्यांनीं फारशी आशा न धरतां परीक्षा केली, आणि वापरांत असलेल्या यंत्रांपेक्षां हीं कितीतरी सरस असल्याचें त्यांना आढळलें. अधिक माल मागविला, तेव्हां उत्तर आलें कीं, एका वेळीं दहांहून अधिक नग करतां येणार नाहींत; कारण ते स्वयंपाकघरांत तयार होतात! आपल्या यंत्रास पहिलें गिऱ्हाईक आरमार मिळेल, ही कल्पना ते तयार करूं लागले तेव्हां बाल्डविन ह्यांना होती असें वाटत नाहीं. देवळांतील प्रवचन नीट ऐकूं येत नाहीं, एवढ्या अडचणीवरून ते ह्या खटपटींत पडले होते असें सांगतात.

आरमारांतून हेडफोन घरांत आले ते रेडिओबरोबर. सुरुवातीचे स्फटिकसंच फार स्वस्त. त्यांना वीज लागत नसे, बॅटरी लागत नसे. लहरी पकडणारी तार व एक खडा, एवढ्यावर काम भागे. पण आवाज इतका क्षीण कीं, तो कानाशीं धरल्यावांचून ऐकूं येत नसे. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्तें उघडलें, त्या काळांतहि केंद्राच्या आसपास राहणाऱ्यास असा संच हाच परवडण्याजोगा मार्ग होता. वर्षाचा परवाना १० रुपयांचा. संच एक आणि घरांत माणसें अनेक, ही अडचण सर्व देशांतील कुटुंबांना सारखीच. कित्येक जण हेडफोन रिकाम्या काचेच्या वाडग्यांत ठेवीत, म्हणजे वाडगें घुमून आवाज थोडा मोठा होई आणि चार डोकीं वाडग्यावर ओणवीं होऊन बातम्या ऐकत. एकट्यासाठीं केलेल्या साधनाला सर्वांचें साधन करण्याची ही धडपड पाहिली म्हणजे एकत्र ऐकण्याची ओढ किती बळकट असते तें कळतें.

लाउडस्पीकर आला आणि ही धडपड संपली. मुंबईची ती कंपनी १९३० सालीं बुडाली व प्रसारणाचें काम सरकारनें हातीं घेतलें, पण रेडिओ टिकला आणि घरच्या बैठकींत येऊन बसला. हेडफोन विमानचालक, तारायंत्रवाले व टेलिफोनच्या कचेऱ्या ह्यांच्यापुरते उरले. एकत्र ऐकण्याची ही रीत कोठवर गेली ह्याचें उत्तम उदाहरण महाराष्ट्रांतीलच आहे. इ. स. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल ह्या महिन्यांत आकाशवाणीनें युनेस्कोच्या साह्यानें पुणें केंद्रावरून शेतकऱ्यांसाठीं २० कार्यक्रमांची एक माला प्रसारित केली. पांच जिल्ह्यांतील सुमारें १५० गांवांत श्रोत्यांचीं मंडळें स्थापिलेलीं होतीं. आठवड्यांतून दोनदां सुमारें वीस माणसें रेडिओभोंवतीं जमत, कार्यक्रम ऐकत, आणि तो संपतांच त्यावर वाद करीत. खत, बियाणें, गांवचें आरोग्य, सर्व विषय निघत. रेडिओनें सांगितलेलें बोलून पचवावयाचें, ही त्यामागची कल्पना. ती कल्पना मोठ्या मोलाची होती आणि ती पुढें क्षीण झाली ही हानीच म्हटली पाहिजे.

हेडफोनांचें पुनरागमन झालें तेंहि चुकलेल्या अंदाजानेंच. अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं जॉन कॉस नांवाचे गृहस्थ रुग्णालयांतील रोग्यांना टेलिव्हिजन भाड्यानें देण्याचा धंदा करीत. त्यांनीं व त्यांचे मित्र मार्टिन लँग ह्यांनीं १९५८ सालीं एक सुटसुटीत ग्रामोफोन तयार केला. दुसऱ्यास त्रास न देतां ऐकतां यावें म्हणून त्याला हेडफोनची जोड दिली आणि तो एका प्रदर्शनांत मांडला. लोक आले, हेडफोन कानाला लावून स्टीरिओ संगीत ऐकून थक्क झाले, आणि ग्रामोफोनकडे पाठ फिरवून हेडफोनांचीच चौकशी करूं लागले. लग्नांत करवलीनेंच भाव खाऊन जावा तसा हा प्रकार. कॉस ह्यांनीं पुढें हेडफोनांचाच कारखाना चालविला.

आतां पुन्हा त्या निळ्या पेटीकडे. सोनी कंपनीचे एक संस्थापक मासारू इबुका ह्यांना विमानप्रवासांत संगीत ऐकावयाचें असे. पण हातीं असलेलें यंत्र जड होतें. कंपनीजवळ वार्ताहरांसाठीं केलेला एक लहान टेपरेकॉर्डर होता. कोझो ओसोने ह्यांच्या हाताखालील कारागिरांनीं त्यांतील मुद्रणाचा भाग काढून टाकिला व तेथें स्टीरिओची सोय केली. त्याच सुमारास कंपनीच्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेंत सुमारें ५० ग्रॅम वजनाचे हेडफोन तयार होत होते. बाजारांतले हेडफोन तेव्हां ३०० ते ४०० ग्रॅमांचे असत. दोन्ही एकत्र आलीं. कंपनीचे दुसरे संस्थापक आणि तेव्हांचे अध्यक्ष अकिओ मोरिता ह्यांनीं ही कल्पना उचलून धरली. ३०,००० नग न खपल्यास आपण अध्यक्षपद सोडूं, असेंहि ते म्हणाल्याचें सांगतात.

नारिंगी बटणाचा उलगडा मोरिता ह्यांनीं १९८६ सालच्या आपल्या आत्मचरित्रांत केला आहे. तयार झालेला पहिला नमुना ते घरीं घेऊन गेले आणि त्यावर संगीत ऐकूं लागले. तेव्हां त्यांच्या पत्नी योशिकोबाई नाराज झालेल्या त्यांना दिसल्या. पति समोर बसलेला आहे आणि तरी आपल्याला बाहेर ठेवून दार लावून घेतल्यासारखें झालें आहे, असें त्यांना वाटलें. मोरिता ह्यांनीं लगेच ठरविलें कीं, यंत्राला एक नव्हे, दोन हेडफोन लागले पाहिजेत. दुसऱ्या भोंकाचा जन्म असा गृहिणीच्या नाराजींतून झाला. पुढल्या आठवड्यांत गॉल्फ खेळावयास जातांना त्यांनीं आपले मित्र, कादंबरीकार काओरू शोजी, ह्यांच्या कानांना मोटारींतच हेडफोन लाविले, दुसरे स्वतः लाविले आणि फीत सुरू केली. शोजी ह्यांच्या पत्नी हिरोको नाकामुरा ह्या प्रख्यात पियानोवादक. फितीवर त्यांनींच वाजविलेली ग्रीगची रचना होती. शोजी ह्यांचा चेहरा उजळला. त्यांना कांहीं बोलावयाचें होतें. पण दोघांचेहि कान भरलेले असल्यामुळें बोलतां येईना. हा दोष मोरिता ह्यांनीं मनांत टिपला व यंत्रांत एक लहान मायक्रोफोन आणि एक बटण घालण्यास सांगितलें. बटण दाबावें म्हणजे संगीत मंद होई, आणि दोघे हेडफोन न काढतां एकमेकांशीं बोलत. कंपनीनें त्याला ‘हॉट लाईन’ म्हटलें.

म्हणजे तें बटण शिष्टाचाराचें होतें. चारचौघांत एकट्यानेंच संगीत ऐकत बसणें लोकांना उद्धटपणाचें वाटेल, अशी मोरिता ह्यांची खात्री होती, आणि जपानसारख्या समाजांत वाढलेल्या माणसास तसें वाटणें स्वाभाविक होतें. पहिल्या पेट्यांवर त्या दोन भोंकांपाशीं ‘तरुण’ व ‘तरुणी’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द छापलेले होते. वार्ताहरांना हें यंत्र प्रथम दाखविलें तें टोकियोंतील योयोगी उद्यानांत, आणि तेथें एकाच दुचाकीवर मागेंपुढें बसून वॉकमन ऐकणारें जोडपें मुद्दाम फिरविलें होतें.

पहिल्या महिन्यांत जेमतेम ३,००० नग खपले. मग कंपनीचीं माणसें कानाला हेडफोन लावून टोकियोच्या आगगाड्यांतून फिरूं लागलीं, भेटेल त्याला ऐकवूं लागलीं, आणि ऑगस्टअखेर सर्व ३०,००० नग संपले. यश आलें तें मात्र मोरिता ह्यांच्या तर्काला उलटें पाडून. दोघांत एक वॉकमन असें कोणी घेईना. ज्याला त्याला स्वतःचा हवा होता. ज्याचा दोष म्हणून संकोच वाटत होता, तें एकटेपणच लोकांनीं गुण म्हणून विकत घेतलें. कंपनीनें नारिंगी बटण काढून टाकिलें, आणि पुढें बहुतेक नमुन्यांतून दुसरें भोंकहि गेलें. आपल्या देशांत परदेशाहून परतणाऱ्या नातलगांच्या पेटींतून जे वॉकमन आले, त्यांतील पुष्कळांना हा सर्व इतिहास झाल्याची खूणहि उरली नव्हती.

म्हणून मोरिता ह्यांचा तर्क फुकट गेला असें म्हणावयाचें काय? माल किती खपेल हा त्यांचा अंदाज उणाच ठरला. पण माणसांविषयींची त्यांची शंका खरी होती. न्यू जर्सी राज्यांतील वुडब्रिज गांवानें १९८२ सालींच रस्ता ओलांडतांना हेडफोन घालण्यास मनाई केली. वाहनाचा आवाज ज्याला ऐकूं येत नाहीं, तो रस्त्यावर असून नसल्यासारखा. घरांतहि तोच प्रकार. हांक मारावी, उत्तर येऊं नये, आणि राग आल्यावर कळावें कीं समोरच्याच्या कानांत तार आहे, हा अनुभव आज कोणत्या घरीं नाहीं? मुंबईच्या लोकलगाडींत एका बाकावर टाळ घेऊन भजनी मंडळी बसलेली असते आणि समोरच्या बाकावरचा तरुण आपल्या कानांतलें वेगळेंच गाणें ऐकत असतो. दोघांपैकीं कोणाला दोष द्यावा असें वाटत नाहीं. परंतु शेजारी हजर आहे कीं नाहीं हें पूर्वीं डोळ्यांनीं कळत असे, तें आतां कळत नाहीं. पेशवाईंत कानांतली भिकबाळी पाहून माणसाची योग्यता कळे. आजच्या कानांतल्या अलंकारावरून तो माणूस ऐकतो आहे कीं नाहीं एवढेंहि सांगतां येत नाहीं.

ह्या कोड्यांत अलीकडे आणखी भर पडली आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें १२ सप्टेंबर २०२४ रोजीं ॲपल कंपनीच्या एका इयरफोनला, सौम्य वा मध्यम बहिरेपणा असलेल्या प्रौढांसाठीं श्रवणसाहाय्यक म्हणून काम करूं देणाऱ्या प्रणालीस मान्यता दिली. आतां कानांत पांढरी कांडी घातलेला गृहस्थ समोर बसला असेल, तर तो आपलें बोलणें मुळींच ऐकत नसेल, अथवा तें नीट ऐकूं यावें म्हणूनच त्यानें ती घातली असेल.

आणि तें नारिंगी बटण? सोनी कंपनीनेंच २०१६ सालीं बाहेरचा गोंगाट बंद करणारे नवे हेडफोन काढले. त्यांत बटण नाहीं. पण उजव्या कानावरच्या तबकडीवर तळहात ठेविला कीं संगीत मंद होतें आणि समोरच्याचें बोलणें कानीं पडतें. बाहेरचा आवाज आंत घेण्याची तशीच सोय ॲपलनें ३० ऑक्टोबर २०१९ रोजीं आपल्या इयरफोनांत आणली, आणि त्याच वर्षीं एका फोनवरचें एकच गाणें दोन जोड्यांतून दोघांना ऐकतां येईल अशी व्यवस्थाहि केली. दुसरें भोंक व नारिंगी बटण, दोन्ही चाळीस वर्षांनीं परत आलीं. तार मात्र ह्या वेळीं एकालाहि नव्हती.